परवान्याचं शस्त्र घरी ठेवायचंय? आधी फरशी ठोकून बघा

"डिजिटल घ्यावी की चावीची?" परवाना हातात पडला की तिजोरीबद्दल पहिला प्रश्न हाच निघतो. खरं तर तो चौथा किंवा पाचवा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की तिजोरी कशाला बांधणार? चाळीस-पन्नास किलोची लोखंडी पेटी दोन माणसं सहज उचलून टेम्पोत टाकतात. त्यानंतर कुलूप कितीही भारी असलं तरी ते फोडायला चोराकडे अख्खी रात्र असते, आवाजाची भीती नसते आणि ग्राइंडरला वीजही असते. जागेवरून न हलणारी साधी पेटी ही उचलून नेता येणाऱ्या महागड्या तिजोरीपेक्षा कधीही बरी. म्हणून दुकानात जायच्या आधी घरातली फरशी ठोकून बघा.

सोलापुरातल्या जुन्या घरांत शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून आलेली शहाबादी फरशी असते. दगड जेमतेम इंच-सव्वा इंच जाड आणि त्याखाली मुरूम किंवा माती. अशा फरशीत बोल्ट मारला तर तो दिसतो घट्ट, पण पहार घालून एकदा उचकटलं की फरशीसकट वर येतो. भिंतीचंही तसंच. पेठांतल्या वाड्यांच्या दोन-अडीच फुटी दगड-मातीच्या भिंती बघून भरवसा वाटतो. पण फुलणाऱ्या बोल्टाला धरायला एकसंध आणि टणक वस्तू लागते. मातीच्या सांध्यात बोल्ट आवळला की माती दबते, बोल्ट जागच्या जागी गरगर फिरतो आणि गवंडी म्हणतो, "बसला बघा."

अशा घरात उपाय एकच आणि तो स्वस्त आहे. तिजोरीच्या जागेवरच्या फरश्या काढा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या आणि त्यात काँक्रीटचा ठोकळा ओता. सिमेंट एक भाग, वाळू दीड भाग, खडी तीन भाग या मापाने एक पोतं सिमेंट या ठोकळ्याला पुरतं. तयार झालेला ठोकळा पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतो. त्यात १२ मिलिमीटरचे, खाली वाकवलेले चार फाउंडेशन बोल्ट आधीच सोडायचे, आटे दोन इंच वर ठेवून. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे बोल्ट नजरेच्या अंदाजाने लावणं. काँक्रीट ओतताना ते सरकतात, मग तिजोरीच्या तळाची भोकं जुळत नाहीत आणि वेल्डर गॅस कटरने भोकं मोठी करून देतो. तिथेच तळ कमकुवत झाला. तिजोरीच्या तळाचा छाप प्लायवूडच्या तुकड्यावर घ्या, त्याला भोकं पाडा, बोल्ट त्यात अडकवा आणि प्लाय जागेवर ठेवूनच काँक्रीट ओता. सात दिवस पाणी मारा. एप्रिल-मे असेल तर ओलं गोणपाट टाकून ठेवा, नाहीतर वरचा थर भेगाळतो. सात दिवसांच्या आत नट आवळू नका.

शेतातल्या वस्तीवर काळी माती असेल तर आणखी एक गोष्ट. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ठोकळा थेट तिच्यावर टाकला तर वर्षा-दोन वर्षांत एका बाजूला कलतो. तिजोरी तिरकी झाली की दार अडकतं, दांडे घासतात आणि लोक म्हणतात कुलूप बिघडलं. मुरूम लागेपर्यंत खणा. तो फार खोल असेल तर काळी माती जमेल तेवढी काढून मुरूम भरा, धुम्मस करून दाबा आणि मगच ठोकळा घाला.

फ्लॅटमध्ये स्लॅब असतो, म्हणून काम सोपं वाटतं. तिथली चूक बोल्टाच्या लांबीत होते. वर टाइल ८ ते १० मिलिमीटर, तिच्याखाली मसाल्याचा थर ४० ते ५० मिलिमीटर, आणि त्याखाली खरा स्लॅब. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला तीन इंची बोल्ट त्या मसाल्यातच संपतो. काँक्रीटमध्ये निदान ६० मिलिमीटर जायचा असेल तर बोल्ट पाच इंचांच्या जवळपास लागतो. बोल्ट एम १० किंवा एम १२, आणि ड्रिल बिट पुड्यावर छापलेल्या मापाचाच. टाइलवर सुरुवात करताना ड्रिलचा हॅमर (ठोके देणं) बंद ठेवा, टाइल पार झाली की चालू करा. भोक पाडून झाल्यावर आतली धूळ फुंकून, ब्रशने काढून, पुन्हा फुंकून बाहेर काढा. धूळ राहिली की बोल्टाची बाही काँक्रीटऐवजी धुळीवर घसरते. न बसणाऱ्या बोल्टांमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. स्लॅबमधून वायरिंगचे पाइप गेलेले असतात, ते आधी बघून घ्या. वजनाची काळजी मात्र उगाच करू नका. राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून केलेला असतो. साठ-ऐंशी किलोची तिजोरी तुळईजवळच्या कोपऱ्यात ठेवली की झालं. तीनशे किलोची घ्यायची असेल तर इंजिनिअरला विचारा.

उंच, अरुंद कपाट फक्त तळाशी बांधून भागत नाही. वरून ओढलं की तळाच्या बोल्टांवर तरफेचा जोर येतो. पाठीमागून नऊ इंची विटेच्या भिंतीत दोन बोल्ट हवेत, आणि विटेसाठी केमिकल अँकर, म्हणजे भोकात रासायनिक गोंद भरून बसवायचा बोल्ट, घ्या. चार इंची आडभिंत किंवा हलक्या ब्लॉकची भिंत त्या कामाची नाही.

माप ठरवताना शस्त्र हातात घेऊन टेप लावा. तीस इंची नळीची दुनळी बारा बोर सबंध अवस्थेत साधारण ४७-४८ इंच भरते, म्हणजे आतली उंची ५१ इंच तरी हवी. पण दुनळी उघडून नळ्या आणि दस्ता वेगळे करता येतात. तसं ठेवायची सवय असेल तर ३३-३४ इंचांची आतली जागा पुरते. छोटी पेटी भिंतीच्या कोनाड्यात लपते, पत्रा जाड घेता येतो आणि पैसेही वाचतात. आमचं मत विचाराल तर एकट्या दुनळीसाठी छोटी पेटीच घ्या. .३१५ रायफल मात्र रोज खोलायची वस्तू नाही, तिला पूर्ण उंची लागते. तिचा बोल्ट, म्हणजे गोळी चढवायला मागेपुढे सरकणारा भाग, काढून आतल्या वेगळ्या कप्प्यात ठेवता येतो. बोल्टाविना ती रायफल म्हणजे लोखंडी काठी. ठासणीची बंदूक पिढीजात असेल तर नळीची लांबी अजिबात गृहीत धरू नका.

आता पत्रा. घरोघरी ज्याला "गोदरेज कपाट" म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो, त्याचा पत्रा साधारण २० ते २२ गेजचा, म्हणजे पाऊण ते जेमतेम एक मिलिमीटर. दार स्क्रूड्रायव्हरने वाकतं. आतला लॉकर त्याच पत्र्याचा. साड्या-कागदपत्रांसाठी ठीक, शस्त्रासाठी नाही. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १६ गेज सुमारे १.६ मिलिमीटर, १४ गेज २ मिलिमीटर, १० गेज सव्वातीन मिलिमीटर. शस्त्राच्या पेटीला अंगाला निदान ३ मिलिमीटर आणि दाराला ५-६ मिलिमीटर घ्या.

विक्रेता जाडी सांगेल ती खरी की खोटी हे वजनावरून कळतं. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. १३० सेंटिमीटर उंच, ३५ रुंद, ३५ खोल अशी पेटी धरा. सहा बाजू मिळून क्षेत्रफळ २.०६५ चौरस मीटर. ३ मिलिमीटर पत्रा असेल तर नुसतं अंग आणि दार मिळून साधारण ४८ किलो व्हायला हवेत. २ मिलिमीटर असेल तर ३२, आणि १.२ मिलिमीटर असेल तर जेमतेम १९. दार ६ मिलिमीटरचं असेल तर त्याचे वरचे पावणेअकरा किलो धरा. दांडे, कुलूप, कप्पे यांचं वजन वेगळं. "थ्री एमएम आहे साहेब" असं म्हणणाऱ्या दुकानात पेटीचं वजन पंचवीस किलो निघालं तर पुढे बोलायची गरजच नाही. फक्त दाराची कड दाखवून जाडी सांगतात तिथेही सावध राहा. कड आत दुमडलेली असते, म्हणून एक मिलिमीटरचा पत्राही बोटभर जाड दिसतो.

दाराचं बघताना कुलपाकडे नंतर बघा, आधी फट बघा. घरफोडीतलं हत्यार बहुतेक वेळा कटावणी किंवा पहार असतं. तिचं टोक शिरायला फट लागते. दार चौकटीच्या आत बसणारं हवं आणि भोवतालची फट दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. बिजागऱ्या बाहेर दिसतात म्हणून पेटी वाईट ठरत नाही. बिजागरीच्या बाजूलाही चौकटीत शिरणारे पक्के दांडे असतील तर बिजागरी कापूनही दार निघत नाही. ते नसतील तर मात्र बिजागरी आत असली काय आणि बाहेर असली काय, सारखंच. उघडणाऱ्या बाजूला २० मिलिमीटर जाडीचे तीन दांडे आणि ते चौकटीत निदान २० मिलिमीटर आत जायला हवेत. पेटी कोपऱ्यात अशी लावा की दाराची उघडणारी कड भिंतीकडे येईल. दार उघडताना जरा अडचण होते, पण पहारीला तरफ लावायला जागाच राहत नाही.

कुलपाचा प्रश्न आता. स्वस्त डिजिटल पेट्यांत एक छोटी विद्युतचुंबकीय खिट्टी असते. पेटीला धक्का देता देता मूठ फिरवली की ती कधी कधी उडते आणि दार उघडतं. म्हणूनच पेटी घट्ट बांधलेली असणं इथेही कामाला येतं, कारण बांधलेली पेटी आपटता येत नाही. बटणांच्या पट्टीखाली किंवा नावाच्या बिल्ल्यामागे आणीबाणीच्या चावीचं भोक असतं. खरं कुलूप ते. ते दोन रुपयांच्या गल्ल्यासारखं असेल तर वरच्या आकड्यांना अर्थ नाही. कारखान्यातून आलेला मूळ आकडा आणि मास्टर आकडा दोन्ही पहिल्या दिवशी बदला, कारण ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत छापलेले असतात. चार पेन्सिल सेल लागतात, ते अल्कलाइन घ्या आणि वर्षाला बदला. सेल उतरले की दिवे लागतात, आवाजही येतो, पण खिट्टी ओढायला जोर पुरत नाही आणि माणूस आकडा चुकला समजून परत परत दाबतो.

बोटाच्या ठशाची कुलपं सोलापूरच्या बाजूला जरा जपून घ्या. शेतात, मागावर, यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. तळहातावर तंबाखू-चुना मळणाऱ्याचा अंगठाही भरवशाचा नसतो, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडली की यंत्र ओळखत नाही. दोन्ही हातांची निदान चार बोटं नोंदवता येत असतील आणि सोबत आकड्यांचीही सोय असेल तरच विचार करा.

दोन बाजूंना दाते असलेल्या चावीचं आठ-दहा लिव्हरचं कुलूप आजही सगळ्यात कमी त्रासाचं. त्याला सेल लागत नाहीत, धूळ सोसतं. त्याची अडचण एकच, चावी ठेवायची कुठे? तिच्याकडे पुढे येऊ.

तयार पेटी मनासारखी मिळत नसेल तर एमआयडीसीत कपाटं-शटर करणारे फॅब्रिकेटर भरपूर आहेत, करून घेता येते. पण मोघम सांगू नका, कागदावर लिहून द्या. आतून सांधे सलग वेल्ड केलेले हवेत. नुसते टाके मारून वर पुट्टी आणि रंग लावला तर सांधा छिन्नीने उलगडतो. सलग वेल्डला वेल्डर कां-कूं करतात, कारण उष्णतेने पत्रा पिळतो आणि दार बसत नाही. त्यावर उपाय म्हणजे एका बाजूला दोन इंच, मग समोरच्या बाजूला दोन इंच, असं उड्या मारत वेल्ड करणं. कुलपाच्या समोर ड्रिल अडवायला ट्रकच्या स्प्रिंग-पाट्याचा तुकडा लावून घ्या, पण तो बोल्टने. वेल्ड केला की तापून नरम पडतो आणि साध्या पत्र्यासारखाच भोकला जातो. भोकं आणि फटी बुजवायला व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन वापरू देऊ नका. त्यातून निघणाऱ्या आम्लाने बंद पेटीत पोलाद गंजतं. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, पेटी उघडी ठेवा.

बाहेरची मोठी प्रमाणपत्रं कोणी दाखवली तर एवढं लक्षात ठेवा. भारतात तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे मानक आहे, ते बंदुकीसाठी खास नाही. युरोपातलं ईएन १४४५० हे घरगुती सुरक्षित कपाटांचं, त्यात एस १ पेक्षा एस २ वरचं. अमेरिकी आरएससी (घरगुती सुरक्षा पेटी) ही मुळात हत्यारांनी केलेल्या पाच मिनिटांच्या हल्ल्याची चाचणी आहे. "फायरप्रूफ" हा शब्द चोरीबद्दल काहीही सांगत नाही. आगीसाठीच्या पेट्यांत जिप्समचा थर असतो आणि त्यात पाणी बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन आतला माल वाचवतं, पण एरवी आत दमटपणा धरून राहतो. शस्त्र गंजायचं ते तिथेच.

सोलापूरची हवा कोरडी, मग गंज कुठून येणार, असं वाटतं. कूलरमधून येतो. मार्चपासून जूनपर्यंत घरोघरी डेझर्ट कूलर चालतो आणि तो खोलीत ओली हवा फेकत राहतो. कूलरच्या खोलीत किंवा त्याच्या झोतात तिजोरी नको. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीलाही नको. फरशी धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून तळाखाली जाड नायलॉनच्या चकत्या घाला किंवा दोन इंची ओटा करा. आत पाव किलो सिलिका जेल जाळीच्या पिशवीत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की स्वयंपाकघराबाहेर, जुन्या तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत तापवा. तो तवा पुन्हा चपातीला वापरू नका. पिस्तूल कातडी होल्स्टरमध्ये ठेवून तिजोरीत टाकू नका, कमावलेल्या कातड्यातले क्षार आणि ओल धातूला खातात. बंदूक चादरीत गुंडाळून ठेवायची इथली जुनी खोडही सोडा. सुती कापड ओल शोषतं. आपली सोलापुरी चादर पाहुण्यांना द्या, बंदुकीला तेलाचा पातळ हात पुरतो.

काडतुसं त्याच पेटीत पण वेगळ्या कुलपाच्या कप्प्यात, आणि परवान्यावर लिहिलेल्या संख्येतच. शस्त्र आत जाताना कायम रिकामं. दुनळी उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघा. रिव्हॉल्व्हरचं चक्र बाहेर काढून सहाही घरं डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा. पिस्तुलाचं मॅगझिन आधी काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर बघायचं. हा क्रम उलटा झाला की चेंबरमध्ये नवी गोळी चढते. आगीत सुटं काडतूस फुटलं तर त्याला फारशी ताकद नसते, पण भरलेल्या शस्त्रातलं काडतूस तापून उडालं तर खऱ्या गोळीसारखंच जातं.

चावीकडे येऊ. देवघरातल्या तसबिरीमागे, गादीखाली, साखरेच्या डब्यात, मीटरच्या पेटीवर: या सगळ्या जागा घरातल्या दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असतात. चावी परवानाधारकाच्या अंगावर हवी. दुसरी चावी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येते. शस्त्र मात्र तिथे ठेवता येत नाही, हे काही जणांना ऐनवेळी कळतं. बायको, मुलगा, भाऊ यांच्यापैकी कोणाचंही नाव परवान्यावर नसेल तर त्यांच्या हाती चावी देणं म्हणजे शस्त्रच त्यांच्या ताब्यात देणं. आकड्यांचं कुलूप असेल तर जन्मतारीख, गाडीचा नंबर, लग्नाचं साल यातलं काही नको.

परवाना सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून "पुढे लागेल" म्हणून सहा बंदुकांचं कपाट घेऊ नका. परवान्याची अट मोडली तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शस्त्र चोरीला गेलं तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावं लागतं. त्यासाठी मूळ परवाना तिजोरीत ठेवू नका, नाहीतर तिजोरीबरोबर तोही जातो. शस्त्राचा क्रमांक, परवान्याची प्रत, तिजोरीचं बिल आणि बोल्ट बसवतानाचे फोटो वेगळे ठेवा. काळजी घेतली होती हे दाखवायला तेच उपयोगी पडतात.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरतं, वारीला किंवा लग्नाला घर रिकामं पडतं. दोन्ही वेळा धोका सारखाच. चार-आठ दिवस घर बंद राहणार असेल तर सुरक्षित ठेवीची सोय असलेल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे शस्त्र जमा करा आणि पावती घ्या.

वर्षातून एकदा सगळं तपासायला खंडेनवमी सोयीची. पाऊस ओसरत आलेला असतो आणि शस्त्र तसंही पूजेला बाहेर निघतं. मात्र दिवसभर उघड्यावर मांडून ठेवू नका, आल्यागेल्याला घरात काय आहे ते कळतं. हळद-कुंकू आणि पाण्याचे थेंब फुलं उचलल्याबरोबर पुसा, नळीला आतून तेलाचा बोळा फिरवा. सेल बदला, सिलिका जेल तापवा, तळाचे नट पान्याने आवळून बघा. दांड्यांना ग्रॅफाइट पूड लावा. तेल नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो. आणि त्याच दिवशी बँकेतून दुसरी चावी आणून तिनेही कुलूप एकदा उघडून बघा. कापल्यापासून कधी फिरवलीच नाही, अशी चावी नेमकी गरजेच्या दिवशी अडते.